ताप उतरल्यानंतरचे दिवस

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाशकात आणि आसपासच्या गावांत घरी जाऊन पक्षाघाताच्या रुग्णांचे व्यायाम घेते. नवा रुग्ण आला की हातपाय तपासण्याआधी घरच्यांशी बसून बोलते. बीपी होतं का, शुगर होती का, तंबाखू, मिश्री, हृदयाचा काही त्रास? हे सगळं डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, तरी विचारते. कोविडच्या साथीपासून त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. पक्षाघाताचा झटका यायच्या आधी महिना-दीड महिन्यात ताप, खोकला, पुरळ, नागीण असं काही झालं होतं का?

"हो, ताप येऊन गेला होता. पण तो तर बरा झाला होता की," हे उत्तर मी इतक्या घरांत ऐकलंय की आता त्याचं नवल वाटत नाही, काळजी वाटते. बहुतेक वेळा या तापाची कार्डावर नोंदच नसते. घरच्यांच्या लेखी तो आजार वेगळा आणि हा वेगळा. मधले आठ-पंधरा दिवस माणूस उठून कामाला लागलेला असतो. जेवत असतो, बोलत असतो, त्यामुळे दोन्हींची सांगड घालावी असं कोणाच्या मनात येत नाही. मला त्या मधल्या दिवसांबद्दल लिहायचं आहे.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारांकडे मी जाते. वय पन्नाशीच्या आत. व्यसन नाही. बीपीची गोळी चालू होती, पण तापात "आधीच एवढ्या गोळ्या, त्यात ही कशाला" म्हणून बंद केलेली. गोडी छाटणीचे दिवस होते. मजुरांची टोळी बागेत, छाटलेल्या वेलींच्या डोळ्यांना पेस्ट लावायचं काम सुरू, घरात कोणाला बसायला फुरसत नाही. त्यात त्यांना कणकण आली, मग खोकला आणि दोन-तीन दिवस सडकून ताप. गावातल्या डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरला, ते परत बागेत. आठवडाही उलटला नसेल, सकाळी चहाचा कप हातातून सुटला. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, सांगत होत्या, "मला वाटलं, अशक्तपणा असेल. वर बघितलं तर तोंड वाकडं झालेलं. हे बोलायला गेले तर नुसता आवाज." उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही गेले होते.

अंगणात माणसं जमली. अंगावरून वारं गेलंय, अमक्या गावाला लकव्याचं औषध देतात, तिकडे नेऊ, असं ठरत होतं. पुतण्या ऐकेना. त्यानं गाडी काढली आणि काकांना थेट नाशकात आणलं. सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता, गुठळी होती, आणि साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं. आज ते काठी टेकत खळ्यापर्यंत जातात त्याचं मोठं श्रेय त्या पुतण्याला आहे. त्याच दवाखान्यात घशाच्या नमुन्यात इन्फ्लुएन्झा निघाला. त्या डॉक्टरांनी तो कार्डावर लिहिला, हे मी मुद्दाम सांगते, कारण असं लिहिणारे थोडे.

विषाणू छातीतला, मग मेंदूत गुठळी कशी? वहिनींनी मला हाच प्रश्न विचारला होता. रुडॉल्फ फिर्शो या जर्मन डॉक्टरांच्या १८५६च्या कामापासून आपण मानत आलो आहोत की रक्त नको तिथे गोठायला तीन गोष्टी कारणीभूत होतात. रक्तवाहिनीचं अस्तर दुखावणं, प्रवाह मंदावणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. विषाणूचा जोरदार संसर्ग तिन्ही गोष्टी एकदम करतो. शरीर त्याच्याशी लढताना जी सूज पेटते ती फुप्फुसापुरती राहत नाही. सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर एरवी इतकं गुळगुळीत असतं की रक्त त्याला चिकटत नाही, ते या काळात चिकट होतं. प्लेटलेट चवताळतात, यकृत फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन जास्त तयार करतं, पांढऱ्या पेशी जंतू अडकवायला जाळी सोडतात आणि त्या जाळीत गुठळीही धरते. वरून ताप, घाम, तोंडाला चव नाही म्हणून पाणीही कमी, अंथरुणात पडून राहणं. रक्त घट्ट आणि संथ होतं. ज्यांच्या मानेतल्या किंवा मेंदूतल्या धमनीत आधीपासून चरबीचा थर असतो, त्यांचा तो थर सुजेनं फुटू शकतो. काहींच्या हृदयाचा ठोका तापात अनियमित होतो, हृदयाच्या कप्प्यात गुठळी बनते आणि सुटून वर जाते.

हे सांगून झाल्यावर बाजूला बसलेले बागायतदारांचे धाकटे भाऊ म्हणाले, "म्हंजी ताई, ठिबकच्या नळीसारखं. आतून बुळबुळ धरली, क्षार बसले, वर दाब कमी पडला, की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही." माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा ते वाक्य त्या घराला जास्त कळलं.

ताप उतरतो तेव्हा थर्मामीटर खाली येतो, पण रक्तवाहिनीच्या अस्तराची सूज त्याच दिवशी उतरत नाही. रक्ताची गोठण्याकडे झुकलेली चाल पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिसच्या लाखो नोंदी तपासून २००४ मध्ये एक अभ्यास छापून आला. श्वसनमार्गाच्या संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचा धोका त्याच माणसाच्या एरवीच्या धोक्याच्या सुमारे तिप्पट दिसला आणि पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू ओसरला. कोविडच्या काळात स्वीडनमध्ये ८६ हजारांहून जास्त रुग्णांवर असाच अभ्यास झाला. पहिल्या आठवड्यात गुठळीच्या पक्षाघाताचा धोका जवळजवळ तिप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही तो दुपटीच्या आसपास होता. मी घराघरांतून जे ऐकते त्याला हे आकडे जुळतात.

तिप्पट म्हटल्यावर घाबरून जायचं कारण नाही, हेही इथेच सांगते. सर्दी-तापाची माणसं दर पावसाळ्यात प्रत्येक घरात असतात आणि त्यांतल्या बहुसंख्यांना काहीही होत नाही. मूळ धोका लहान असतो, तो काही दिवसांसाठी वाढतो. पण साठीच्या पुढचा माणूस, बीपी, शुगर, आधी कधीतरी झटका, सिगारेट, हृदयाचा अनियमित ठोका, यांपैकी काही असेल तर मुळातला धोका लहान राहत नाही आणि त्याची तिप्पट मोठी होते. अशा माणसानं तापात बीपीची गोळी मनानं बंद करणं मला सगळ्यात जास्त खटकतं. बंद करायची वेळ कधी येतेही, उलट्या-जुलाबांनी बीपी फार खाली गेलं तर. पण ते डॉक्टरांनी मोजून ठरवायचं.

विषाणू सगळे एका रीतीनं वागत नाहीत. कांजिण्यांचा विषाणू तर वेगळाच. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पुरळ सुकतं, पण विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की तो नागीण होऊन बाहेर पडतो. पंचवटीतल्या एका आजींना उजव्या कपाळावर आणि पापणीवर नागीण उठली. आग आग होत होती. घरात सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर, नागिणीचं तोंड शेपटीला मिळू द्यायचं नाही, वेढा पूर्ण झाला तर माणूस जातो. कोणीतरी लेप दिला, कोणीतरी रेघ ओढून दिली. वास्तविक नागीण ज्या मज्जातंतूवर उठते त्याचाच पट्टा धरून राहते. शरीराची मधली रेघ ती सहसा ओलांडत नाही, मग वेढा पूर्ण होणार कुठून? लेप लागला, विषाणूवरची गोळी मात्र आठवडा उलटल्यावर सुरू झाली. ती पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केली तर खरा उपयोग. महिन्याभरानं खपल्या पडून गेलेल्या, आणि एके दिवशी आजींचा डावा हात वर उचलेना.

कपाळाच्या आणि डोळ्याच्या त्वचेला जो मज्जातंतू जातो, त्याच्याच शाखा कवटीच्या आत मेंदूच्या धमन्यांना जातात. विषाणू त्या वाटेनं धमनीच्या भिंतीत पोचतो आणि तिथे वाढतो. भिंत सुजते, नळी अरुंद होते. कपाळ उजवं, म्हणून मेंदूची उजवी बाजू, म्हणून अंगाची डावी बाजू. डोळ्याच्या भोवतीची नागीण इतर ठिकाणच्या नागिणीपेक्षा जास्त गंभीर धरतात ते यासाठीही. लहान मुलांमध्ये कांजिण्यांनंतरच्या काही महिन्यांत असाच पक्षाघात होऊ शकतो. तो विरळा असतो, पण मूल जेवताना डावा-उजवा हात अचानक बदलायला लागलं, तर त्याकडे खोडी म्हणून बघू नका.

आजींचं दुखणं अंगापुरतं नव्हतं. त्यांच्या जगाची डावी बाजूच पुसली गेली होती. ताटात उजवीकडची भाजी संपवायच्या, डावीकडची पोळी तशीच. सुनेला वाटायचं, जेवण आवडलं नाही. मी ताट अर्धं फिरवून ठेवलं आणि आजी म्हणाल्या, "अगं, पोळी कधी वाढलीस?" हातापायाची ताकद गेलेली सगळ्यांना दिसते, हे असलं नुकसान कोणाला दिसत नाही आणि घरात विनाकारण वाद होतात. आता त्यांचा पलंग अशा रीतीनं ठेवलाय की येणारा-जाणारा डावीकडून येतो. टीव्हीही डावीकडे, म्हणजे त्यांना तिकडे वळून बघावंच लागतं.

डेंग्यूची गोष्ट उलटी. पावसाळा सरता सरता नाशकात डेंग्यूचे रुग्ण वाढले की पपईच्या पानांचा रस आणि किवीचे भाव दोन्ही वर जातात आणि प्रत्येकाच्या तोंडी प्लेटलेटचा आकडा. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात, रक्तवाहिन्या गळक्या होतात. त्यात झटका आलाच, आणि तो क्वचितच येतो, तर तो बहुधा रक्तस्रावाचा असतो. म्हणून डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या देत नाहीत, पॅरासिटामॉलवरच भागवतात. हे लिहायचं कारण असं की कोविडनंतर बऱ्याच जणांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या मनानं सुरू केल्या. मेडिकलमधून आणल्या, शेजाऱ्यांना दिल्या. ज्या गोळीनं एकाची गुठळी टळेल त्याच गोळीनं दुसऱ्याचा मेंदू रक्तानं भरेल. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे बाहेरून बघून कोणालाच, अगदी मोठ्या न्यूरोलॉजिस्टनाही, खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅनच लागतो.

कोविडनं तरी हे नातं लोकांच्या नजरेला आणलं. एप्रिल २०२० मध्ये न्यू यॉर्कच्या डॉक्टरांनी कळवलं की दोन आठवड्यांत पन्नाशीच्या आतले पाच रुग्ण मोठी धमनी बंद पडून आले आणि पाचही जण कोविडचे. तिथल्याच दोन रुग्णालयांतल्या तुलनेत कोविडच्या रुग्णांपैकी १.६ टक्क्यांना पक्षाघात झालेला आढळला, तर आधीच्या वर्षांतल्या इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांत हे प्रमाण ०.२ टक्के होतं. झटकेही मोठे होते. पक्षाघाताची तीव्रता मोजायची शून्य ते ४२ अशी एक मोजपट्टी आहे, आकडा मोठा तितका झटका गंभीर. १६ देशांतल्या नोंदी एकत्र केल्यावर कोविड असलेल्या रुग्णांचा मध्यक, म्हणजे मधोमधला आकडा, १० आला आणि तशाच, पण कोविड नसलेल्या रुग्णांचा ६. मृत्यूही जास्त, परावलंबी राहिलेलेही जास्त.

नाशकानं २०२१चा एप्रिल कसा काढला ते इथल्या कोणाला सांगायला नको. २१ तारखेला रुग्णालयातली ऑक्सिजनची टाकी गळली आणि वीसहून जास्त माणसं गेली, तो दिवस आठवला की अजून पोटात तुटतं. त्या लाटेनंतर माझ्याकडे जे रुग्ण आले त्यांतल्या काहींचा झटका नेमका कधी आला हेच कोणाला माहीत नव्हतं. माणूस व्हेंटिलेटरवर, झोपेच्या औषधाखाली. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. एरवी बायकोला, मुलाला नवऱ्याचं, बापाचं तोंड जरा वाकडं झालेलं लगेच समजतं, तिथे ओळखीचं कोणी नव्हतं. औषध कमी करून जागं केलं तेव्हा एक हात हलेना. इंजेक्शनची वेळ केव्हाच टळलेली. यात त्या वॉर्डात राबणाऱ्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. ते दिवसच तसे होते.

पुढे काय होतं, कितपत बरं होतं, हा प्रश्न मला रोज विचारतात. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. शेजारचा भाग त्याचं काम शिकतो, आणि हे शिकणं पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगानं होतं. तापानंतरच्या रुग्णांची अडचण नेमकी इथे येते. संसर्गानं माणूस आधीच गळालेला असतो. कोविडवाल्यांना तर चार पावलं टाकली की धाप लागायची. ज्या महिन्यांत सर्वात जास्त व्यायाम व्हायला हवा, त्याच महिन्यांत अंगात त्राण नसतं. म्हणून मी दिवसातून एकदा तासभर घेण्याऐवजी घरच्यांना थोडं थोडं, दिवसभर विभागून करायला शिकवते. आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते, उठवताना गेलेल्या हाताला धरून ओढायचं नाही. खांदा निसटतो, मग तो इतका दुखतो की पुढचे सहा महिने रुग्ण हाताला हात लावू देत नाही.

दिंडोरीच्या दादांच्या हातात मी त्यांचीच छाटणीची कात्री दिली. मऊ चेंडू दाबायला त्यांना कंटाळा यायचा, कात्री बघून डोळे चमकले. दाबायला जमलं. सोडायला जमेना. कात्रीला स्प्रिंग असते, ती आपोआप उघडायला बघते, पण बोटं मिटलेलीच राहिली, अंगठा तळव्यात घट्ट. पक्षाघातानंतर हात असाच वागतो, मूठ आधी वळते, उघडायला फार उशीर लागतो. ते डाव्या हातानं एकेक बोट सरळ करायचे आणि परत दाबायचे. बोलणंही तसंच. वाटी दाखवून "हे काय?" विचारलं की ओठ हलतात, कपाळावर घाम येतो, शब्द येत नाही. आणि संध्याकाळी मुलीनं गणपतीची आरती सुरू केली की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणतात, एकही शब्द न अडखळता. पाठ झालेलं, चालीत बसलेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. वहिनींना तो चमत्कार वाटला. मी त्यांना म्हटलं, आपण याच वाटेनं पुढे जायचं. हल्ली "चहा दे" हे ते चालीवर म्हणतात.

या सगळ्यात कष्ट उपसणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही. वहिनी बाग, डेअरीचं दूध, पोरांच्या शाळा आणि नवऱ्याचं शौचमुखमार्जन, सगळं एकटीनं काढतात. पक्षाघातानंतर रुग्णाला नैराश्य येतं हे आता डॉक्टर विचारतात. तिला कोण विचारतं?

डॉक्टरांसमोर मात्र दुहेरी काम असतं, ते मान्य केलं पाहिजे. ताप आणि पक्षाघात एकत्र दिसले म्हणजे विषाणूच असेल असं नाही. आपल्याकडे क्षयरोगाचा मेंदूज्वर धमन्या बंद पाडतो, हृदयाच्या झडपेवर जंतू बसले तर तिथून तुकडा सुटून वर जातो. कधी क्रमच उलटा असतो. झटक्यानं गिळणं बिघडतं, घास श्वासनळीत जातो आणि न्यूमोनियाचा ताप नंतर येतो. म्हणून ताप कधी सुरू झाला आणि झटका कधी आला, या दोन तारखा नीट सांगा. तुमच्या दोन वाक्यांनी तपासाची दिशा बदलू शकते.

लशीबद्दल मी आता न विचारता सांगते. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ४० लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा फ्लूची लस घेतलेल्यांत पुढच्या सहा महिन्यांत पक्षाघाताचं प्रमाण कमी दिसलं. अशा अभ्यासात लस घेणारी माणसं मुळात तब्येतीला जपणारी असतात, हा भाग वजा धरावा लागतोच. तरी ज्यांना आधी झटका येऊन गेलाय किंवा शुगर-बीपी आहे त्यांनी दरवर्षी ती घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. नागिणीची लसही २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीच्या पुढे दोन डोस. महाग आहे, सगळ्यांना झेपणारी नाही. सिंहस्थ तोंडावर आहे, देशभरातून माणसं येतील, रामकुंडावर आणि त्र्यंबकला रेटारेटी होईल, खोकले येतील. घरातल्या म्हाताऱ्यांचं लसीकरण त्याआधी उरकलेलं बरं.

आणि तरीही झटका आलाच, तर घरच्या माणसानं पहिल्यांदा घड्याळ बघायचं. शेवटचं ठीक कधी दिसलं होतं ती वेळ लक्षात ठेवायची, डॉक्टर तिथूनच तास मोजतात. रात्री नीट झोपले आणि पहाटे असे उठले, तर झोपतानाची वेळ सांगायची. मोठी धमनी बंद असेल तर काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही धमनीतून बारीक तार घालून गुठळी काढता येते, त्यामुळे "आता उशीर झाला" म्हणून घरी बसायचं नाही. १०८ला फोन करायचा किंवा मिळेल ती गाडी घ्यायची, आणि जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच जायचं, आधी फोन करून मशीन सुरू आहे ना ते विचारायचं. वाटेत पाणी, चहा, मध, कसलीही गोळी तोंडात घालायची नाही. माणसाला एका कुशीवर झोपवायचं. गेल्या महिन्यात काय आजार होऊन गेला तो केसपेपर सापडला तर बरोबर घ्यायचा, शोधत बसायचं नाही.